रस्ता अडवण्याआधी

आमचं इंटरनेटचं जाळं सांगली जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत पसरलेलं आहे. दादा केबलच्या धंद्यातून यात आला. खांब, फायबर, स्प्लायसिंग, वसुली हे सगळं त्याच्याकडे आणि राउटर माझ्याकडे. मिरजेत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि २०१४ पासून हेच काम करते आहे. घरं, दवाखाने, पतसंस्था, शाळा, द्राक्षांची पॅकहाउसं असे सगळे मिळून साडेतीन हजार ग्राहक आमच्या तारेवर आहेत. "ताई, नेट गेलंय, लाल लाइट लागलाय" हा फोन दिवसातून चार वेळा तरी येतो.

लाल लाइट दिसतो तरी. मला लिहायचं आहे ते न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल. आमच्या राउटरमधून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जोडण्यांपैकी कितीतरी चोरांच्या असतात. जगात काही संस्था अशा वाईट पत्त्यांच्या याद्या, म्हणजे ब्लॉकलिस्ट, सतत तयार करतात. राउटरने त्या घ्यायच्या आणि त्या पत्त्यांचे रस्ते बंद करायचे, अशी ही व्यवस्था आहे. मी ती २०१६ पासून वापरते. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला वेगळी माणसं असतात, तालुक्याच्या ऑपरेटराकडे नसतात. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

१. आधी आपल्या घरातून कोण बाहेर जातंय ते बघा

२०१६ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. संध्याकाळी आमची अपलिंक भरून जायला लागली, आणि नवल म्हणजे डाउनलोडची बाजू मोकळी, भरलेली होती ती अपलोडची. आमचे ग्राहक सिनेमा बघतात, क्रिकेट बघतात. रात्री आठ वाजता सगळ्यांनी मिळून एवढं वर काय पाठवावं? शोधत गेले तेव्हा एका सराफाच्या दुकानातला कॅमेऱ्याचा डीव्हीआर सापडला. मग पेट्रोल पंपावरचा, मग एका मंगल कार्यालयातला. तिन्ही ठिकाणी कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला. ही यंत्रं सेकंदाला शेकडो अनोळखी पत्त्यांच्या २३ आणि २३२३ क्रमांकाच्या दारांवर, म्हणजे पोर्टवर, थापा मारत होती. लक्षणं सगळी मिराई या मालवेअरची. या मिराईचा कोड सप्टेंबरअखेर जगजाहीर झाला होता, आणि २१ ऑक्टोबरला अशाच कॅमेऱ्यांच्या आणि राउटरांच्या फौजेने अमेरिकेतल्या डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला करून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास लोकांपासून तोडल्या होत्या.

तोवर मी चोर बाहेरून येणार म्हणून बाहेरचं दार राखत बसले होते. खरं म्हणजे चोराने आत माणूस आधीच बसवलेला असतो, आणि तो मालकाला फोन करतो. लागण झालेलं यंत्र स्वतःच बाहेरच्या ताबा-सर्व्हरशी जोडणी करतं आणि हुकूम घेतं. त्या सर्व्हरचा पत्ता यादीत असेल तर फोन लागत नाही आणि हुकूम येत नाही. ब्लॉकलिस्टचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसला. शिवाय आपला कोणता ग्राहक आजारी आहे हेही त्याच क्षणी कळतं. म्हणून यादी लावलीत तर बाहेर जाणाऱ्या बाजूला लावा आणि अडवलेली प्रत्येक जोडणी कोणत्या ग्राहकाची होती ते नोंदवा.

२. राउटर 'प्रति' बघतो, 'प्रेषक' बघत नाही

हे समजायला मला दोन वर्षं लागली. टपाल लावणारा माणूस पाकिटावरचा 'प्रति' वाचतो आणि त्या गावच्या थैलीत पाकीट टाकतो. 'प्रेषक' कोण आहे याच्याशी त्याला घेणं नसतं. राउटरचंही तसंच. एखादा पत्ता ब्लॅकहोल केला, म्हणजे त्याचा रस्ता नलकडे, कुठेच न जाणाऱ्या दिशेला, वळवला, की त्या पत्त्याकडे जाणारी पाकिटं मुकाट्याने फेकून दिली जातात. त्या पत्त्याकडून येणारी मात्र येतच राहतात.

अर्थात त्यानेही बरंच काम होतं. टीसीपीमध्ये दोन्हीकडून हस्तांदोलन झाल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. बाहेरच्या चोराने दार वाजवलं, आपल्या सर्व्हरने उत्तर दिलं, ते उत्तर खड्ड्यात पडलं, जोडणी झालीच नाही. यूडीपीला हे लागू नाही. तिथे एकतर्फी मारा सुरूच राहतो. येणारंही अडवायचं असेल तर उलट्या रस्त्याची तपासणी सुरू करावी लागते: पाकीट आलं की राउटर त्याच्या प्रेषकाकडे परत जायचा रस्ता शोधतो, आणि तो नलकडे जात असेल तर पाकीट टाकून देतो. एकाहून जास्त अपलिंक असतील तर ही तपासणी ढिल्या पद्धतीनेच लावावी. कडक पद्धत लावली आणि एका लिंकने गेलेल्याचं उत्तर दुसऱ्या लिंकने आलं, तर चांगलं ट्रॅफिकही मरतं. ब्लॅकहोल आणि ढिली तपासणी यांची ही जोडी २००९ च्या आरएफसी ५६३५ या तांत्रिक दस्तऐवजात नीट मांडलेली आहे. इंग्रजी अवघड वाटलं तरी एकदा वाचाच.

३. यादी कोण करतं आणि कशासाठी करतं, हे विचारल्याशिवाय घेऊ नका

या सगळ्याची सुरुवात स्पॅमपासून झाली. १९९७ मध्ये पॉल विक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांची रिअलटाइम ब्लॅकहोल लिस्ट काढली. आज आपण अशा याद्या म्हटल्या की मेल सर्व्हरने डीएनएसमधून विचारायची यादी समजतो, पण ती पहिली यादी बीजीपीची, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या भाषेतली, फीड होती, थेट राउटरला मिळणारी. ज्याने ती घेतली त्याच्या जाळ्यातून स्पॅमवाल्याकडे रस्ताच उरत नसे. डीएनएसचं रूप नंतर आलं. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. आपण करतो आहोत ते नवं खूळ नाही, या क्षेत्रातली सगळ्यात जुनी रीत आहे.

मी दोन याद्यांवर पूर्ण भरवसा ठेवते. पहिली स्पॅमहाउसची ड्रॉप. ही संस्था १९९८ पासून काम करते आहे. इंग्रजीतल्या 'रूट करू नका, पिअर करू नका' या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं जोडून ड्रॉप हे नाव झालं. तिच्यात सुटे पत्ते नसतात, पत्त्यांचे अख्खे पट्टे असतात: जे गुन्हेगारांनी बळकावले आहेत किंवा भाड्याने घेतले आहेत असे. पूर्वी तिची एक जोडयादी होती, एड्रॉप. २०२४ मध्ये ती ड्रॉपमध्येच मिसळली. साध्या मजकुराची फाइल फुकट मिळते. पट्टे थोडे, त्यामुळे साध्या राउटरलाही भार होत नाही.

दुसरी टीम कम्रीची बोगॉन यादी. बोगॉन म्हणजे जे पत्ते इंटरनेटवर दिसायलाच नकोत ते: खाजगी वापराचे, राखीव, किंवा कुणालाच वाटप न झालेले. वाटप न झालेल्या जागेतून पाकीट येत असेल तर पाठवणाऱ्याने पत्ता खोटा लिहिला आहे हे उघडच आहे. ही यादी ते बीजीपी जोडणीवरून फुकट देतात. त्यांच्या राउटरशी सत्र जोडलं की जागा वाटप झाली तशी यादी आपोआप बदलते.

या दोन्ही याद्यांत एक गुण सारखा आहे. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. पत्ता यादीत का आला आणि कधी जाईल, याचा नियम उघड आहे. ज्या यादीबद्दल हे एका वाक्यात सांगता येत नाही, ती मी राउटरवर घेत नाही. मग ती कितीही लांब असो आणि कुणीही सुचवलेली असो.

४. शिळी यादी नसलेल्या यादीपेक्षा वाईट

आमच्या जुन्या राउटरवर कुणा कंत्राटदाराने बोगॉनची यादी हाताने टाकून ठेवली होती. काही ग्राहकांना दुकानातला कॅमेरा घरच्या वायफायवरून दिसायचा, मोबाइलच्या नेटवरून दिसायचा नाही. आम्ही कितीतरी कॅमेरेवाल्यांना दोष दिला. दोष त्या यादीचा होता. तिच्यात ४९ ने सुरू होणारा अख्खा पट्टा 'वाटप न झालेला' म्हणून बंद होता. तो २०१० च्या ऑगस्टमध्येच आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेला, एपनिकला, दिला गेला होता, आणि आज भारतातले कितीतरी मोबाइल ग्राहक त्याच पट्ट्यावर आहेत.

हे दुखणं जुनं आहे. २००२ मध्ये ६९ चा पट्टा अमेरिकेतल्या नोंदणी संस्थेला मिळाला, तेव्हा तिथले नवे ग्राहक जगभरच्या शिळ्या फिल्टरांवर आपटत राहिले. ३ फेब्रुवारी २०११ ला या नोंदणी संस्थांना पट्टे देणाऱ्या आयानाकडचे शेवटचे पाच मोठे पट्टे वाटून झाले. त्यानंतर हाताने लिहिलेल्या बोगॉन यादीत फक्त कायमच्या राखीव जागा ठेवाव्यात. बाकीचं जिवंत फीडवर सोडावं.

५. ज्या रात्री मी स्वतःचेच ग्राहक तोडले

ही चूक माझी होती, आणि ती पूर्ण सांगायला हवी.

घरगुती ग्राहकांना आम्ही स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देऊ शकत नाही. भारताच्या नोंदणी संस्थेकडून, आयरिनकडून, मिळालेला २५६ पत्त्यांचा एक पट्टा आहे, तो साडेतीन हजारांत कसा पुरेल? म्हणून बाकीच्यांना १००.६४ च्या पट्ट्यातले आतले पत्ते देतो आणि बाहेर जाताना बदलतो. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. राखीव आहे म्हणूनच तो पूर्ण बोगॉन यादीतही असतो. १० चा पट्टाही असतो, आणि आमच्या ओएलटींचे, म्हणजे ग्राहकांचे फायबर जिथे जोडले जातात त्या यंत्रांचे, पत्ते त्याच पट्ट्यात आहेत.

बोगॉन रूटिंगमधून घेतले असते तर काही बिघडलं नसतं, कारण राउटर नेहमी जास्त नेमका रस्ता निवडतो. आमचे छोटे आतले रूट त्या मोठ्या बोगॉन रूटला हरवतात. मी मात्र त्या रात्री याद्यांची एक तयार मोट फायरवॉलच्या अगदी पहिल्या पायरीवर लावली: यादीतला पत्ता दिसला की फेकून दे. कोणत्या बाजूने आलेला, हे लिहायचं राहिलं. फायरवॉलला नेमक्या रूटचं काही कळत नाही. ती यादी बघते आणि फेकते. रात्री पावणेबारा वाजता एंटर दाबलं आणि एका क्षणात सगळे ग्राहक, सगळ्या ओएलटी आणि मी स्वतः, सगळे बाहेर. मी घरून १० च्याच पत्त्यावर जोडलेली होते.

फोन वाजायला लागला. पहिला फोन एका दवाखान्यातल्या सिस्टरचा होता. त्यांना रात्री रुग्णाचा सीटी स्कॅन पुण्याला दाखवायचा होता आणि फाइल निम्म्यावर अडकली होती. दादाने गाडी काढली. अठरा किलोमीटर गेलो, लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि नियम काढला. तासाहून जास्त वेळ गेला. त्यांनी तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम भागवलं होतं. दवाखान्यातल्या त्या सिस्टर नंतर मला काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासूनचे माझे तीन नियम. फायरवॉलमध्ये यादी लावताना इंटरफेस लिहायचाच, फक्त अपलिंकचा. यादीच्या वर आपल्या पत्त्यांची परवानगी-यादी असायलाच हवी. आणि दूरवरून बदल करताना परतीची दोरी बांधून ठेवायची: मायक्रोटिकमध्ये सेफ मोड असतो, जुनिपरमध्ये पक्कं न केल्यास आपोआप मागे जाणारा कमिट असतो, सिस्कोमध्ये दहा मिनिटांनी रीलोडची वेळ लावता येते. जोडणी तुटली तर राउटर स्वतःच मागे येतो.

६. घेतलेले रूट पुढे जाता कामा नयेत

२४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने सरकारी हुकमावरून देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पट्ट्यातला एक छोटा, २५६ पत्त्यांचा रूट नलकडे वळवला. आपण करतो तेच. तो रूट त्यांच्या वरच्या पुरवठादाराकडे निसटला आणि तिथून जगभर गेला. यूट्यूबचा स्वतःचा रूट १०२४ पत्त्यांचा होता. जास्त नेमका रूट जिंकतो हा नियम, त्यामुळे जगाचं यूट्यूब पाकिस्तानातल्या खड्ड्यात पडायला लागलं. सुमारे दोन तास हे चाललं.

ब्लॉकलिस्ट फीड म्हणजे असे शेकडो-हजारो रूट. एक जरी बाहेर गेला तरी ती दुसऱ्याच्या जागेची पळवापळवी ठरते. म्हणून फीडमधून आलेल्या प्रत्येक रूटला आत येतानाच 'बाहेर नेऊ नये' ही खूण चिकटवा, आणि अपलिंककडे जाताना फक्त आपलेच पट्टे नाव घेऊन सोडा, बाकी सगळं अडवा. फीडवरून जास्तीत जास्त किती रूट घ्यायचे याची मर्यादाही घाला. उद्या समोरच्याच्या चुकीने सगळं इंटरनेट फीडमध्ये आलं तर सत्र तुटावं, आपलं जाळं तुटू नये.

७. द्राक्षाचा हंगाम आणि एक बंद पत्ता

तासगाव भागातली द्राक्षं युरोपात जातात. जानेवारीपासून पॅकहाउसात रात्रंदिवस काम असतं. कंटेनर निघायच्या आधी कीटकनाशकांच्या अंशांच्या तपासणीचे अहवाल खरेदीदाराला पोहोचवावे लागतात. एका वर्षी एका निर्यातदाराचा फोन आला. "ताई, नेदरलँड्सच्या पार्टीचं पोर्टल उघडत नाही. दुसऱ्याच्या नेटवर उघडतंय." दोन दिवस तो अहवाल चढवायला दुसऱ्या गावी जात होता, आणि मी त्याला "त्यांच्याकडेच अडचण असेल" असं सांगत होते.

अडचण माझ्याकडे होती. त्या हंगामाआधी मी एक आक्रमक यादी लावली होती, सुट्या पत्त्यांची, लाखभर ओळींची. जगात कुठेही कुणी दार वाजवलं की तो पत्ता तिच्यात चढायचा. खरेदीदाराचं पोर्टल एका भाड्याच्या सर्व्हरवर होतं. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाच्या साइटला लागण झाली होती, आणि पत्ता दोघांचा एकच.

सुट्या पत्त्यांच्या याद्यांची अडचण इथेच आहे. एका पत्त्यामागे आज एकटा माणूस नसतो. होस्टिंगमध्ये एका पत्त्यामागे शेकडो साइट असतात, मोबाइल कंपनीत हजारो ग्राहक. आमच्याकडेच एका सार्वजनिक पत्त्यामागे साठ-सत्तर घरं आहेत. एका घरातल्या कॅमेऱ्याच्या पापाची शिक्षा बाकीच्यांना का? आणि पत्ते बदलत राहतात. परवा चोराकडे असलेला पत्ता आज एखाद्या शाळेकडे असू शकतो.

त्या लाखभर ओळींनी पकडलं तरी काय, तेही मी तपासलं. बहुतेक ओळींना तोवर एकदाही हात लागला नव्हता. यादी काढून टाकली. निर्यातदाराकडे स्वतः जाऊन सांगितलं की चूक आमची होती. तो म्हणाला, "मला का नाही विचारलंत, की हे बंद करतोय म्हणून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्राहक आपल्याला रस्त्याचे पैसे देतो. त्यातला एखादा रस्ता आपण बंद करतो तेव्हा ते त्याला माहीत असायला हवं. आता आमच्या पावतीच्या मागे दोन ओळी छापलेल्या असतात: आम्ही कोणत्या याद्या वापरतो, आणि एखादी साइट उघडत नसेल तर कोणत्या क्रमांकावर सांगायचं. तक्रार आली की यादीत आहे का हे मी पहिल्या पाच मिनिटांत बघते.

८. आपणही एखाद्या यादीत असतो

एका सकाळी एका पतसंस्थेची मेल सगळीकडून परत यायला लागली. आमचा पट्टा एका यादीत चढला होता, आणि रास्त कारणाने: आमच्या एका ग्राहकाच्या संगणकातून रात्रभर स्पॅम गेला होता. त्याबद्दलच्या तक्रारी आमच्या नोंदणीतल्या पत्त्यावर आल्याही होत्या, पण ती पेटी कुणी उघडतच नव्हतं.

दुसऱ्यांचे पत्ते बिनदिक्कत बंद करणारी मी त्या दिवशी दाराबाहेर उभी होते. यादीतून काढून टाकण्यासाठी अर्ज भरताना यादीवाल्यांनी विचारलं, काय दुरुस्त केलंत? हा प्रश्न योग्यच आहे. आधी दुरुस्ती, मग अर्ज. न सुधारता अर्ज केला की पत्ता पुन्हा चढतो आणि दुसऱ्या वेळी विश्वास उरत नाही. घरगुती ग्राहकांसाठी बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं दार मी त्याच दिवशी बंद केलं, कुणाला खरी गरज असेल तर मागून घ्यावं. तक्रारींची पेटी आता रोज सकाळी मी स्वतः उघडते.

आणखी एक काम आपल्या हातात आहे. आपल्या ग्राहकाने प्रेषकाचा पत्ता खोटा लिहिला असेल तर ते पाकीट आपल्याच दारात थांबवावं. आरएफसी २८२७ मध्ये हे मे २००० मध्येच सांगून झालं आहे. यासाठी कोणतीही फीड लागत नाही, फायरवॉलची एक ओळ लागते.

९. यादी उतरवणाऱ्या स्क्रिप्टवर डोळे मिटून विश्वास नको

एकदा यादीच्या जागी एरर पान उतरलं, स्क्रिप्टने जुनी यादी पुसली, नव्यात एकही पत्ता नव्हता. अकरा दिवस आमच्याकडे यादीच नव्हती आणि मला पत्ता नव्हता. आता स्क्रिप्ट आधी नवी यादी बाजूला उतरवते, ओळी मोजते, कालच्यापेक्षा फार कमी किंवा फार जास्त असल्या, किंवा आपला स्वतःचा पट्टा तिच्यात दिसला, तर अदलाबदल करत नाही आणि मला संदेश पाठवते. ड्रॉपसाठी दिवसातून एकदा उतरवणं पुरतं. दर मिनिटाला उतरवणाऱ्याला स्पॅमहाउसवालेच बंद करतात, आणि बरोबर करतात.

१०. हल्ला झाला तर ब्लॅकहोल उलटं वापरावं लागतं

गेम खेळणाऱ्या एका मुलाशी कुणाचं तरी भांडण झालं आणि त्याच्या पत्त्यावर पूर आला. अशा वेळी पाठवणारे हजारो असतात, त्यांची यादी कामाची नाही. आमची पूर्ण अपलिंक त्या एका पत्त्यापायी बुडत होती. तेव्हा ज्याच्यावर हल्ला आहे त्याचाच पत्ता वरच्या पुरवठादाराला सांगून ब्लॅकहोल करावा लागतो. त्यासाठीची ६५५३५:६६६ ही खूण २०१६ च्या आरएफसी ७९९९ मध्ये सगळ्यांसाठी एकच ठरवली आहे. खूण लावून रूट पाठवला की पूर वरच थांबतो. मुलगा आणि त्याच पत्त्यामागची घरं तेवढा वेळ बंद, बाकीची चालू.

पुरवठादार ही खूण मानतो का, कोणत्या लांबीचा रूट घेतो, हे शांततेच्या दिवशी विचारून ठेवा. आमच्या एका पुरवठादाराने हे मान्य करायला चार महिने लावले. ते चार महिने हल्ल्याच्या आधीचे होते म्हणून आम्ही वाचलो.

११. वही ठेवा

मी दोनशेपानी वही ठेवते. कोणती यादी कधी लावली, का लावली, कुणाच्या सांगण्यावरून कोणता पत्ता मोकळा केला, तो पुन्हा कधी तपासायचा. मोकळा केलेला पत्ता विसरला जातो आणि वर्षानंतर तेच भोक ठरतं. सरकारी सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि ठरावीक घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. त्यासाठी राउटरचं घड्याळ बरोबर हवं. चुकीच्या वेळेचा लॉग पोलिसांनाही उपयोगाचा नाही आणि तुम्हालाही नाही. लागण झालेल्या ग्राहकाला मी सर्ट-इनच्याच सायबर स्वच्छता केंद्राची फुकट साधनं सुचवते. २०१७ पासून ती उपलब्ध आहेत आणि तालुक्यात फार कमी लोकांना माहीत आहेत.

१२. यादीच्या पलीकडे

चोर आता मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या पत्त्यांवर बसतात, ज्यांवर तुमचं यूपीआय आणि शाळेचं पोर्टलही चालतं. ते पट्टे कुणी बंद करू शकत नाही. काही जण लोकांच्या घरातल्या यंत्रांमधूनच आपलं ट्रॅफिक फिरवतात. यादी तिथे हतबल आहे. तिथे लागतो बदललेला पासवर्ड, अद्ययावत केलेला राउटर आणि ग्राहकाच्या घरी जाऊन घालवलेली वीस मिनिटं. आमचा स्प्लायसिंगवाला मुलगा आता डीव्हीआर दिसला की पासवर्ड बदलल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्याला मी त्याचे वेगळे पैसे देते, आणि ते माझ्या सगळ्या खर्चांतले सर्वांत चांगले लागलेले पैसे आहेत.

माझ्यासारख्या ऑपरेटर मित्रमैत्रिणींना एक विनंती. ड्रॉपची फाइल फुकट आहे, आज रात्री उतरवून घ्या. बाहेर जाणाऱ्या बाजूला, फक्त मोजणीसाठी लावा, काहीही अडवू नका. आठवडाभर रोज सकाळी आकडा वहीत लिहा आणि तो कोणत्या घरांतून आला ते बघा. त्या घरांना फोन करून झाले की मग रस्ता बंद करा. कुठे अडलात तर मला विचारा, मी राउटर उघडून तुमच्याबरोबर बसेन.